तीन मिनिटांची कैफियत

पुण्याच्या जुन्या बाजारात गंजलेल्या कुलपांच्या आणि दांडा तुटलेल्या छत्र्यांच्या शेजारी, पोत्यावर उताण्या पडलेल्या काळ्या तबकड्यांचा ढीग ज्याने पाहिला आहे, त्याला कीर्तीच्या चंचलपणावर निराळे प्रवचन ऐकावे लागत नाही. त्या ढिगातून बालगंधर्वांची तबकडी विक्रेता अदबीने वेगळी काढून ठेवतो, अब्दुल करीम खांसाहेबांची भैरवी शोधीत गिऱ्हाईक आपण होऊन येते. आणि मागे उरतात त्या, ज्यांच्या लेबलावरची अक्षरे झिजून गेली आहेत व ज्यांची चौकशी करणारा आता फिरकत नाही. अशांचे वकीलपत्र, कोणी दिलेले नसताना, मी आज घेत आहे.

माझी पहिली अशील आग्र्याची जोहराबाई. ती १९१३ साली निवर्तली, आणि तिचे जे गाणे आपल्या हाती लागते ते त्याआधीच्या थोड्या वर्षांतले. म्हणजे विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होण्यास अद्याप अवकाश होता, आणि गाणाऱ्याने एका भल्या थोरल्या कर्ण्यासमोर तोंड नेऊन तीन-साडेतीन मिनिटांत आपले जे काय असेल ते सांगून मोकळे व्हावे, असा शिरस्ता होता. ज्या कलेच्या आलापाला एक प्रहर अपुरा पडावा, तिला असा हुकूम करणे म्हणजे एखाद्या जहागीरदाराला आपल्या साऱ्या वतनाची फेरिस्त पोस्टकार्डावर लिहून दे म्हणण्यासारखेच. जोहराबाईने ठुमऱ्या आणि गझलाही दिल्या. पण त्या पोस्टकार्डावर ख्याल लिहिण्याची जी हिंमत तिने केली, तिला तोड नाही.

तिची जौनपुरी लावावी. प्रथम ऐकू येते ती खरखर, तापल्या तव्यावर खडे मीठ पडावे तशी. मग त्या खरखरीला बाजूस सारून एक भरदार, जवळजवळ पुरुषी आवाज, कसलीही प्रस्तावना न करता, थेट बंदिशीच्या मुखड्यापाशी येऊन उभा राहतो. वेळ थोडा आहे याची तिला जाणीव आहे, परंतु त्या जाणिवेचा उतावळेपणा कोठेही होत नाही. तान येते ती वेळ भरून काढण्यासाठी नव्हे, तर रागाला त्या क्षणी तीच हवी असते म्हणून. आणि गाणे संपते न संपते तोच ती आपले नाव पुकारते. ही चाल मेणावरची मूळ मुद्रणे छपाईसाठी जर्मनीत हानोव्हरला जात त्या काळातली. गाणे कोणाचे हे तेथल्या कारागिरांना कळावे, इतकाच तिचा हेतू. १९०८ साली कलकत्त्यास कारखाना निघाला, गरज सरली, सवय मात्र मागे राहिली. मला ती दस्तऐवजाखालच्या ‘दस्तुरखुद्द’सारखी वाटते. फैयाज खांसाहेब आणि बडे गुलाम अली खांसाहेब या दोघांनाही तिच्या गायकीविषयी आदर होता. यापरते वजनदार साक्षीदार मी कोठून आणू?

खरे सांगायचे तर, पहिल्या खेपेस ही तबकडी मी मध्येच उचलली होती. सुई बोथट होती, आणि कान तिच्याहूनही.

दुसरे अशील आपल्या घरचे. करीम खांसाहेब व ताराबाई माने यांचे थोरले पुत्र, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे यांचे वडील बंधू सुरेशबाबू माने हे १९५३ साली, अवघ्या पन्नाशीत गेले. माणिक वर्मा, प्रभा अत्रे, वसंतराव देशपांडे यांनी ज्यांच्यापाशी विद्या घेतली, ‘प्रभात’च्या ‘अमृतमंथन’मध्ये ज्यांनी भूमिका केली, त्यांच्या मागे राहिलेली ध्वनिमुद्रणे फार थोडी, आणि या संकोची स्वभावाच्या गृहस्थाला वडिलांची कीर्ती व बहिणीचे नाव यांच्या मधल्या सावलीतच बसावे लागले. शिष्यांचे गाणे ऐकताना आपण गुरूला आडून ऐकत असतो, हे खरे. पण समोरासमोर ऐकल्यावाचून त्यांचा स्वर कसा आहे ते कळत नाही. वडिलांच्या स्वरात जी आर्तता उफाळून येते, ती येथे मुरलेली आहे, कोणाला दाखवण्याची तिला निकड नाही. षड्जावर येऊन ते असे टेकतात, की दिवसभराचे चालणे संपवून मनुष्य ओसरीवर टेकावा. मला विचाराल, तर ठुमरीत मी पुत्राकडे झुकेन. वडिलांच्या भक्तांनी रागावू नये.

भास्करबुवा बखले यांचे वकीलपत्र घेण्याची सोयच नाही. १९२२ साली ते गेले, आणि पुरावा म्हणून दाखल करता येईल असे एकही मुद्रण मागे राहिले नाही.

तेव्हा आपल्या माळ्यावर आजोबांच्या वेळची अशी एखादी चळत असेल, तर तीवर कुंडी ठेवू नका. लाखेची वस्तू ती. उन्हाने वाकते आणि हातून सुटली की फुटते. आणि जोहराबाईची जौनपुरी हाती लागलीच, तर एकदा ऐकून बाजूस ठेवू नका. सुई बदला आणि पुन्हा लावा.