शेवटचा अर्धा टक्का

पावडर वाळली की नाही, हे मी उजव्या हाताने सांगायचो. अंबरनाथ, बदलापूर, तळोजा, पार महाडपर्यंत माझी ओळख तेवढीच. बॅच अडली की फोन यायचा, "बुवापाड्याच्या काकांना बोलवा." मी जायचो, ट्रेमधली चिमूटभर पावडर अंगठ्याने बोटांवर चोळायचो आणि म्हणायचो, "काढा," किंवा "अजून दोन तास." मग लॅबमधून एलओडीचा, म्हणजे मालात उरलेल्या ओलीचा, आकडा यायचा, तो बहुधा माझीच बाजू घेऊन. गेल्या पावसाळ्यात हा हात गेला. म्हणजे जागेवर आहे, चहाचा कप धरतो, सहीही करतो. पण साखरेमुळे पायांत सुरू झालेला बधिरपणा बोटांच्या टोकांपर्यंत चढला. डॉक्टरांनी नायलॉनचा बारीक तंतू बोटाला टेकवून विचारलं, "लागतंय का?" काहीच लागत नव्हतं. तरी मी म्हटलं, "लागतंय."

हात गेल्यावरच मला प्रश्न पडला की तो नेमकं काय ओळखत होता. तोवर कधी विचार केला नव्हता, कारण लोक मान डोलवत होते आणि पैसे मिळत होते.

ओल्या केकचा, म्हणजे गाळून उरलेल्या लगद्याचा, पहिला टप्पा कोणीही वाळवून दाखवील. ८० अंशांची हवा सोडली तरी केकचा पृष्ठभाग ३५-३७ अंशांच्या पुढे जात नाही. आलेली सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. या टप्प्यात चिमूटभर पावडर बाहेर काढून निवू दिली तर ओल सरळ कळते. पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणून ओली पावडर बोटांतली ऊब ओढून घेते आणि गार लागते. यात कसब काही नाही. पुढे वरचं पाणी संपतं, आतलं कणाकणांतून वाट काढत येतं, वेग घसरतो. शेरवूड नावाच्या संशोधकांनी १९२९ मध्ये हे टप्पे नीट मांडले. तेव्हापासून पुस्तकांत तोच उतरता आलेख छापला जातो. आलेखाची शेपटी जिथे जमिनीला टेकायला येते तिथे पुस्तक संपतं, आणि माझं काम सुरू होतं.

ही शेपटी किती छळते ते आकड्यांत सांगतो. १०० किलो माल आहे, त्यात शेवटचा अर्धा टक्का उरलाय. म्हणजे अर्धा किलो पाणी. ते निघायला तीन तास लागणार असतील, तर त्यासाठी लागणारी उष्णता भरते शंभरेक वॅट, घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. ड्रायरमधून तासाला हजार घनमीटर गरम हवा फिरतेय. एवढ्या हवेतून शंभर वॅट गेले तर बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान अर्ध्या अंशानेही उतरत नाही. कॉइलची वाफ थोडी वरखाली झाली तरी त्याहून मोठा फरक पडतो. थर्मामीटरवर माल कधीचाच वाळलेला असतो, लॅबमध्ये मात्र तो नापास होतो. मग साहेब ऑपरेटरवर ओरडतात, ऑपरेटर वाफ वाढवतो, वरचा थर करकरीत होऊन बसतो आणि आतली ओल कायमची कोंडते. पुढची पाळी माझ्या फोनची.

आमच्याकडचा पावसाळा हे प्रकरण आणखी अवघड करतो, आणि लोक समजतात त्या ठिकाणी नाही. सगळ्यांना वाटतं, दमट हवेत वाळवण पहिल्यापासूनच रखडतं. हिशोब करून पाहा. जुलैतली ३० अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ८० अंशांपर्यंत तापवली, तर ओल्या केकचा पृष्ठभाग ३७ अंशांच्या आसपास राहतो. जानेवारीच्या कोरड्या हवेत ३१ अंशांच्या आसपास. हवा आणि केक यांच्यातलं अंतर ४३ अंश की ४९ अंश, एवढाच फरक. सुरुवातीचा वेग फार तर आठव्या हिश्शाने घटतो. खरा मार शेवटी बसतो. नाजूक माल ६० अंशांवर वाळवायचा, तर तीच जुलैची हवा ड्रायरमध्येसुद्धा १८ टक्के आर्द्र असते, जानेवारीची ७ टक्के. आणि पावडर हवेपेक्षा कोरडी कधीच होत नाही. हवा सांगेल तिथे ती थांबते. मग तीन तास ठेवा की तीन दिवस, आकडा हलत नाही. जुलैत नापास झालेल्या कित्येक बॅचेस वेळ कमी पडल्याने नापास झालेल्या नसतात. त्या दिवशीच्या हवेत त्या पास होणंच शक्य नसतं.

हे ड्रायर विकणाऱ्यांना कोण सांगणार? कोटेशनमध्ये किलोकॅलरी असतात, वाफेचा दाब असतो, स्टेनलेस स्टीलची जाडी असते. उष्णता आत घालायची सोय सगळे विकतात; निघालेली वाफ कुठून जाणार, हे एका ओळीत उरकतात. वर वाफेचं बिल वाचवायचं म्हणून एक्झॉस्टचा डॅम्पर बंद करून ठेवणारे व्यवस्थापक भेटतात. मग तीच ओली हवा आतल्या आत फिरत राहते. ट्रे काठोकाठ भरण्याची खोडही तशीच. आतून येणाऱ्या ओलीला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाने वाढतो. थर निम्मा केला तर वेळ एक चतुर्थांशावर येतो. पण अर्धा भरलेला ट्रे पाहून मालकाचा जीव कळवळतो. मी सांगून दमलो. पूर्वीची माणसं असं करत नसत, असं म्हणायचा मोह होतो. विमकोच्या माचिस कारखान्यात काम केलेले म्हातारे काडीचं गुल घाईने वाळवलं की कसं तडकतं, ते तासभर सांगायचे. विमको गेली, तिच्या नावाचा नाका तेवढा राहिला. पण खरं सांगायचं तर त्या काळीही ट्रे काठोकाठच भरत. मीही भरलेत.

आमच्या विषयाला लोक हलकं समजतात, याचा मला राग आहे. वाळवणं म्हणजे काय, ऊन दाखवायचं! जगातलं या विषयातलं सगळ्यात मोठं नाव आपल्या इकडचं आहे हे किती जणांना माहीत असेल? अरुण मुजुमदार मूळचे कारवारचे. १९६५ मध्ये माटुंग्याच्या यूडीसीटीतून केमिकल इंजिनिअर झाले, कॅनडात मॅकगिलला गेले आणि १९७८ मध्ये तिथेच वाळवण या एकाच विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. औद्योगिक वाळवणावरचा त्यांनी संपादित केलेला जाडजूड ग्रंथ माझ्याकडे झेरॉक्समध्ये आहे. त्यातली गणितं मला सगळी येत नाहीत. तरी कोणी घरी आलं की तो टेबलावर असतो.

आमच्याच अंबरनाथमधल्या नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीचाही मला हेवा वाटतो. पाणबुडीला पाण्याखाली जास्त दिवस राहता यावं म्हणून त्यांनी फॉस्फरिक ॲसिडच्या फ्युएल सेलवर चालणारी यंत्रणा बनवली. जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी मार्च २०२१ मध्ये यशस्वी झाली. त्या सेलमध्ये वीज होते तसं पाणीही होतं आणि उष्णताही. दोन्ही वेळेवर बाहेर काढावी लागतात. पाणी राहिलं तर ॲसिड पातळ होतं. म्हणजे आमचाच धंदा. त्यांच्या कामाची बातमी पेपरात येते, आमच्या कामाची येते ती ड्रायरला आग लागली तर.

तर, हात गेल्यावर मी एका पोरीला हाताशी घेतलं. बदलापूरची, केमिकल इंजिनिअर, नोकरी सोडून माझ्याकडे शिकायला आलेली. मला वाटलं, ही आता सेन्सर लावील आणि तोंडावर पडेल. मी वाटच पाहत होतो. तिने सेन्सर लावलाच नाही. वहीत हिशोब करून दाखवला: शेवटच्या टप्प्यात आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतल्या पाण्यात फरक पडतो किलोमागे एक दशांश ग्रॅमहून थोडा जास्त, ६० अंशांवर आर्द्रतेच्या चांगल्या सेन्सरची दोन टक्के चूक म्हणजे किलोमागे दोन ग्रॅमहून अधिक. "काका, जो फरक चुकीच्या पोटातच बुडतो, तो मोजायचा कशाला?" मला हे तिच्याआधी सुचायला हवं होतं, असं वाटून मी त्या दिवशी तिला उगाच ट्रे घासायला लावले.

तिने केलं ते वेगळंच. काचेच्या झाकणबंद बरण्या आणल्या आणि प्रत्येकीत एकेका क्षाराचं, तळाशी खडे उरतील असं घट्ट द्रावण ठेवलं. लिथियम क्लोराइडवरची हवा ११ टक्क्यांवर राहते, मॅग्नेशियम क्लोराइडवरची ३३ वर, साध्या मिठावरची ७५ वर. प्रत्येक बरणीत गिऱ्हाइकाची पावडर ठेवून ती कुठल्या हवेत किती ओल धरून बसते याचा तक्ता केला. आता बॅच सुरू करण्याआधी ती बाहेरची हवा मोजते, ६० अंशांवर ती किती टक्के होईल ते काढते आणि तक्त्यात बघून सांगते, आज हा माल पास होईल की नाही. होणार नसेल तर शेवटचे दोन तास सिलिका जेलच्या चाकातून कोरडी केलेली हवा सोडायची. पावडरीला हात लावायचा प्रश्नच येत नाही. तसाही हातमोज्याशिवाय रसायनात हात घालायला आज बंदी आहे, आणि ती असायलाच हवी.

त्या बरण्यांपाशी बसून माझ्या एक गोष्ट लक्षात आली, ती मी तिला अजून सांगितलेली नाही. बुवापाड्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी आहे. हवा ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाझरायला लागतं. दोरीवरचे कपडे तसेच दमट, पापड सादळलेले. हे सगळं पाहून, बायकोची कटकट ऐकून मी सकाळी कामाला निघायचो. कारखान्यात पोचेपर्यंत माझं उत्तर बहुतेक ठरलेलं असायचं. चिमूट चोळणं, डोळे अर्धवट मिटणं, "अजून दोन तास" म्हणण्याआधी थोडं थांबणं, हा पुढचा सगळा प्रयोग होता. बोटांना काहीच कळत नव्हतं असं म्हणणार नाही. पावडर भुरभुरते की चिकटते, हे कळायचं. पण अर्धा टक्का की पाव, हे हवेवरून मला घरीच कळलेलं असायचं, आणि श्रेय हात घ्यायचा. लोकांनी हवेला पैसे दिले नसते.

एवढं कळूनही वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते ट्रेभोवती आता कोणी गोळा होत नाही याचं. पूर्वी शिफ्ट सुपरवायझरपासून हमालापर्यंत सगळे माझ्या बोटांकडे बघत उभे असायचे. तिच्या तक्त्याकडे कोणी असं बघत नाही. फोनवर मागतात आणि पुढे सरकतात.

पण तिचा तक्ता जिथे चालत नाही अशी एक जागा मला सापडली आहे. मिथेनॉलने ओला असलेला केक. तो गरम हवेत वाळवता येत नाही, भडका उडेल. तो व्हॅक्यूममध्ये जातो. तिथे हवाच नाही, त्यामुळे तिचं हवामान तिथे निरुपयोगी. हवेतसुद्धा मिथेनॉल पाण्याच्या नियमाने चालत नाही. उष्णता आणि वाफ यांची चाल जुळते ती पाणी आणि हवा या जोडीतच. लुईस नावाच्या संशोधकांनी १९२२ मध्ये हे नातं सरसकट मांडलं आणि ते इतर द्रवांना लागू नाही अशी दुरुस्ती १९३३ मध्ये स्वतःच छापली. आमच्या धंद्यात अशी दुरुस्ती छापणारा मला अजून भेटायचाय, आणि माझ्याकडूनही अपेक्षा ठेवू नका.

तर या केकमधलं शेवटचं मिथेनॉल निघता निघत नाही. व्हॅक्यूम वाढवा, ताप वाढवा, कण आवळून बसतात. यावरचा उपाय जुन्या लोकांना माहीत होता आणि संशोधनातही आहे: नायट्रोजन पाण्यातून बुडबुडवून थोडी ओल आत सोडायची. पाणी कणांत शिरतं, त्यांना सैल करतं, अडकलेलं मिथेनॉल सुटतं. मग ते पाणी काढायचं. वाळवण्यासाठी भिजवायचं! ज्या दमटपणाशी जन्मभर भांडलो त्यालाच निमंत्रण द्यायचं. किती पाणी, किती वेळ, कोणत्या तापमानाला, हे प्रत्येक मालाचं वेगळं, आणि मला अजून नीट जमलेलं नाही. पोरगीही त्याच्याच मागे आहे; तिच्या टेबलावर बरण्यांची नवी रांग लागलेली मी पाहिली. श्रावण संपायच्या आत तिला ते सापडेल. मला त्याच्या आठवडाभर आधी सापडलं पाहिजे.