मर लागण्याआधी

कोंबडी आजार लपवते. कळपात एखादी अशक्त दिसली की बाकीच्या तिला चोची मारून हाकलतात. त्यामुळे अंगात ताप असला तरी ती दाण्यापाशी येते, चोच आपटते, आणि गिळत काहीच नाही. आपण समाधानानं म्हणतो, खातेय की! पंख पाडून, डोळे मिटून ती कोपऱ्यात उभी राहते तोवर दुखणं बरंच पुढं गेलेलं असतं.

म्हणून माझी बघायची वेळ तिन्हीसांजेची, खुराड्याचं दार लावण्याआधीची. आत शिरता शिरता एकेक उचलायची. गळ्याखालची दाण्याची पिशवी या वेळी भरलेली लागली पाहिजे. छातीचं मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला टोचलं, तर कोंबडी आतून झडतेय. बहुतेकदा जंत नाहीतर अंगावरचे पाहुणे. मग शेपटीखालच्या पिसांवर फुंकर मारायची. पिसं दुभंगली की पिवळसर उवा उजेडापासून पळताना दिसतात, आणि पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे झुबके.

उवा त्यातल्या त्यात सोप्या, कारण त्यांचा सगळा जन्म कोंबडीच्या अंगावरच जातो. पावडर चोळली की उवा मरतात, लिखा मरत नाहीत. म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा चोळायची. बहुतेक जण इथंच कंटाळतात आणि मग पावडरीला नावं ठेवतात. धडधाकट कोंबडी राखेत, धुळीत लोळून उवा आटोक्यात ठेवते. खुडूक कोंबडी मात्र एकवीस दिवस अंड्यांवरून फारशी उठत नाही, आणि तिच्या अंगावर उवांची जत्रा भरते. अंड्यांखाली राख आणि निर्गुडीचा पाला घालायची आमच्याकडची रीत मी मोडलेली नाही. पण बसवण्याआधी तिला पावडर लावणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

गोचिडांचं वेगळं. कोंबडीची गोचीड दिवसा कोंबडीवर सापडत नाही, ती भिंतीत राहते. गिलाव्याच्या भेगा, दांडीच्या सालीखालची फट, छपराची वाशाजवळची सांध ही तिची घरं. रात्री बाहेर येते, अर्धा-पाऊण तास रक्त पिते आणि परत भेगेत. खायला मिळालं नाही तरी महिनोन्‌महिने जगते. खुराडं वर्षभर रिकामं ठेवलं तरी ती जाईल याचा भरवसा नाही. फक्त तिची बारकी पिल्लं काही दिवस पंखाखाली चिकटून असतात, काळपट-लाल ठिपके दिसतात ती. म्हणून रात्री नऊ-दहाला बॅटरी घेऊन खुराड्यात डोकं घालावं. शेजाऱ्यांना हसायचं ते हसू दे.

हे एवढं लांबण लावून सांगते, कारण या गोचिडीतून कोंबडीला ताप येतो. कोंबडी मलूल होते, तुरा फिका पडतो, हिरवी शीट टाकते, पाय लुळे पडतात. हिरवी शीट दिसली की वाडीत निकाल लागलेलाच असतो : मानमोडी! मानमोडीला औषध नाही, हे सगळ्यांना पाठ. मग कोंबडी मरायला सोडतात किंवा चुलीवर चढवतात. गोचीडतापाला मात्र पेनिसिलीन लागू पडतं. डॉक्टरनं वेळेत टोचलं तर कोंबडी उठते. निदान डॉक्टरनंच करायचं, पण भिंतीत गोचीड आहे ही खबर त्याला आपण द्यायची. उपाय कोंबडीवर थोडा आणि भिंतीवर जास्त : उकळतं पाणी, भेगांत सिमेंट, वरून चुना, डॉक्टरनं दिलेली फवारणी कोंबड्या बाहेर काढून, आणि साल सोललेली दांडी.

आमच्या पाटणकडच्या पावसात पिल्लांचा वैरी दुसरा. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं अंग फुगवून बसली आणि शिटेत रक्त दिसलं की ती रक्ती हगवण. तिचे जंतू शिटेतून पडतात आणि ओल, ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत बाधा करायला तयार होतात. फिनेल त्यांचं फारसं काही बिघडवत नाही, कोरडेपणा बिघडवतो. भाताच्या तुसाचा थर रोज हलवायचा, पाण्याच्या भांड्याभोवतीचा भिजलेला भाग काढून टाकायचा. पाण्यातून देतात ते अॅम्प्रोलियम गुणकारी आहे, पण दुकानदार त्याच्यासोबत हौसेनं टॉनिकची बाटली देतो. अॅम्प्रोलियम ब-१ जीवनसत्त्वाचं सोंग घेऊन जंतूला उपाशी मारतं. टॉनिकातून तेच जीवनसत्त्व घातलं की औषधाचा जोर ओसरतो. टॉनिक औषध संपल्यावर द्यावं.

पायाची खवलं उचलून पाय जाडेभरडे झाले तर खवलं ओरबाडू नयेत, करंजेल चोपडत राहावं. आतला किडा गुदमरतो. देवी आल्या तर खपल्या काढू नयेत. डास तो रोग पसरवतात, आणि डोळे चिकटलेली कोंबडी देवीपेक्षा उपासमारीनं मरते, म्हणून तिचे डोळे कोमट पाण्यानं पुसून हातानं भरवायचं.

राहिली खरी मानमोडी. 1927 साली कुमाऊँतल्या राणीखेतला तिची साथ नोंदली गेली म्हणून दवाखान्यात तिला राणीखेत म्हणतात. ती आली की मान पिळवटते, खुराडी ओस पडतात. पसरवतो आपणच. चार कोंबड्या मलूल झाल्या की उरलेल्या आठवडी बाजारात नेऊन विकायच्या, ही आपली चतुराई दुसऱ्या गावाला मर पाठवते. मला हे पाप वाटतं आणि मी ते तोंडावर बोलते. बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावी. आणि एका रात्रीत बऱ्याच मेल्या, तुरे निळे पडले, तोंडं सुजली, तर हातही न लावता दवाखान्यात कळवावं. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा पोल्ट्रीबरोबर परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या.

मानमोडीवर लस आहे : पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटाचा एक थेंब, आठव्या आठवड्यात आरटूबीचं इंजेक्शन, त्याच्या आठवडाभर आधी जंताचं औषध. अडचण लशीची नाही, बाटलीची आहे. बाटली सहसा शंभर मात्रांची, बर्फातून आणायची आणि कालवल्यावर दोन तासांत संपवायची. परसात कोंबड्या दहा-बारा. म्हणून लस एका घराची नसतेच, वाडीची असते. शेजारच्या आक्का पहिल्यांदा म्हणाल्या, “वैनी, चांगल्या कोंबडीला सुई कशाला टोचायची?” मी म्हटलं, “आक्का, चांगलीलाच टोचायची असते. आजारीला टोचून लस फुकट.” त्यांना पटलं की नाही ठाऊक नाही, पण डालगं घेऊन आल्या.

आता दिवस ठरला की आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी कोंबड्या कोंडून ठेवायच्या आणि बर्फाचा थर्मास आमच्याकडे आणायचा. आंब्यावर झोपणाऱ्या तलंगा तेवढ्या राहतात. त्या अंधार पडल्यावर शिडी लावून पोरं उतरवतात. मजुरी दर तलंगेमागे एक अंडं, आणि भाव दरवर्षी वाढवून मागतात.