आक्कांचं कार्ड

मैत्रिणींनो, आज स्वयंपाकघरातलं काही नाही. आज आमच्या बटणांच्या डबीतल्या एका कार्डाबद्दल सांगते.

फेब्रुवारी २०१८ मध्ये श्रवणबेळगोळचा महामस्तकाभिषेक होता. बारा वर्षांनी येणारा योग, आणि आक्का म्हणजे माझ्या सासूबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे. "पुढच्याला मी काही नाही, मला न्या," म्हणाल्या. नेलं. पुतण्याने त्याचा मोठा कॅमेरा बरोबर घेतला होता, भरपूर फोटो आणि व्हिडिओ काढले. नंतर नोकरीसाठी परदेशी जाताना कॅमेरा त्याने नेला आणि ६४ जीबीचं कार्ड माझ्या हातात ठेवलं. "काकू, कॉम्प्युटरवर उतरवून घ्या."

मी ते डबीत टाकलं आणि विसरले. पुढच्या वर्षी आक्का गेल्या.

मग वन्सं विचारू लागल्या. बेळगावला असतात, आक्कांची एकुलती एक मुलगी. त्या वेळी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्यांना यात्रेला येता आलं नव्हतं. मी कार्ड घेऊन एका दुकानात गेले. तिथल्या मुलाने जुनाट कॉम्प्युटरला लावलं, पडद्यावर काहीतरी आलं, आणि तो म्हणाला, "कार्ड गेलंय मावशी. फॉरमॅट करून देतो, नवीन फोटोंना चालेल." माझं नशीब, मी नको म्हणून परत आणलं. पण वन्संना फोनवर सांगून टाकलं, फोटो गेले. त्यांनी "बरं" एवढंच म्हटलं आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. एका दुकानदाराच्या शब्दावर मी हे सांगितलं, स्वतः काही पाहिलं नाही, हे मात्र मला टोचत राहिलं.

२०२० चं दशलक्षण तुम्हाला आठवत असेलच. मंदिरं बंद, पूजा घरातच, क्षमावाणी फोनवर. कपाट आवरताना डबी हाती आली. धाकटा पुण्यात अडकलेला. त्याने आमच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू घालून दिलं होतं. ही फुकट मिळणारी, सगळ्यांना उघडी असलेली लिनक्स प्रणाली. माझे बँकेचे हिशेब आणि भजनांच्या फाइली त्यावरच असतात. त्याला फोन केला. तो म्हणाला, "आई, कार्ड गेलं हे तुला कसं कळलं? आधी बघू तरी."

आमच्याकडचा जुना कार्ड रीडर लावला तर लॅपटॉपला काहीच दिसेना. तो रीडर आमच्या पहिल्या छोट्या कॅमेऱ्याबरोबरचा, २ जीबीच्या कार्डांच्या काळातला. मोठी कार्डं त्याला ओळखूच येत नाहीत. म्हणजे तिथे दोष कार्डाचा नव्हताच. नवा रीडर कुरिअरने मागवला. तोवर धाकट्याने एक काम सांगितलं. कार्डाच्या डाव्या कडेला एक इवलीशी पट्टी असते, ती खाली सरकवायची, म्हणजे कार्ड कुलूपबंद होतं. मग वाचता येतं, पण त्यावर चुकूनही काही लिहिलं किंवा पुसलं जात नाही. तुमच्याकडे जुनी कार्डं असतील तर हे आधी करा.

नवा रीडर लावला. या वेळी दिवा लागला, पण पडद्यावर तक्रार आली की कार्ड जोडता येत नाही. माझ्या पोटात गोळा आला. धाकटा म्हणाला, "घाबरू नको. काळी खिडकी उघड." तिला टर्मिनल म्हणतात. त्यात एल-एस-बी-एल-के ही पाच अक्षरं लिहायला लावली. एक यादी आली. त्यात लॅपटॉपची स्वतःची डिस्क, आणि खाली एसडीबी-१ नावाने ५९.५ जीबी.

"६४ चे ५९.५ कसे?" मी विचारलं. बी.कॉम.ची सवय, तफावत दिसली की पेन थांबतं. तो हसला. बनवणारे हजाराने मोजतात, कॉम्प्युटर १०२४ ने मोजतो, हिशेब चोख आहे म्हणाला. मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, साधारण जुळलं.

"आता तक्रार पूर्ण वाच." मी चश्मा लावून वाचली. शेवटी लिहिलं होतं, अनोळखी फाइल प्रणाली, एक्सफॅट. कार्ड बिघडलंय असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

हे मला हिशेबाच्या वह्यांवरूनच समजलं. रोजकीर्द कुणी मोडीत लिहिली असेल आणि मला मोडी येत नसेल, तर वही फुकट गेली असं होतं का? ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट या पद्धतीने मांडलेली येतात. ती पद्धत मायक्रोसॉफ्टची. तिचा तपशील त्यांनी २०१९ मध्ये खुला केला आणि त्याच वर्षी लिनक्सच्या ५.४ आवृत्तीपासून ती आत आली. आमच्या लॅपटॉपवर ४.१५ होती. तिला मोडी येत नव्हती. दुकानातल्या जुनाट कॉम्प्युटरलाही बहुधा येत नसावी. आणि फॉरमॅट करणं म्हणजे खतावणीची अनुक्रमणिकाच फाडून टाकणं. पानं काही काळ राहतात, पण नवीन लिहीत गेलात की तीही जातात.

उपाय एका ओळीचा निघाला, सुडो एप्ट इन्स्टॉल, आणि पुढे दोन नावं, एक्सफॅट-फ्यूज आणि एक्सफॅट-युटिल्स. धाकट्याने एकेक अक्षर फोनवर सांगितलं, मी एका बोटाने टाइप केलं. मग पासवर्ड विचारला. लिहिते तर पडद्यावर काहीच उमटेना, साधे ठिपकेसुद्धा नाहीत. मला वाटलं कीबोर्ड बंद पडला. तर ती रीतच आहे म्हणे, न दिसता लिहायचं आणि एंटर दाबायचं. मी तीनदा चुकले. (हल्लीच्या उबुंटूत यातलं काही लागत नाही, असं कार्ड आपोआप उघडतं.)

कार्ड काढून पुन्हा घातलं आणि खिडकी उघडली. चारशेच्या वर फोटो. मी एकही उघडला नाही. आधी सगळे लॅपटॉपवर उतरवून घेतले, मग एका पेन ड्राइव्हवर. दोन्हीकडे फाइलींचा आकडा जुळवला, इजेक्ट करून कार्ड काढलं आणि मगच पाहायला बसले.

त्यात विंध्यगिरी चढतानाचा एक व्हिडिओ होता. आक्का डोलीत, हात दांड्याला घट्ट. थोडं वर गेल्यावर डोलीवाल्यांना म्हणतात, "दमलासा काय रे बाळांनो? टेकवा खाली. मला कुठं गाडी गाठायचीय." त्यांना कानडी येत होतं, पण माया आली की मराठीच यायचं.

क्षमावाणीच्या दिवशी वन्संना व्हिडिओ कॉल केला. दरवर्षी आपण क्षमा मागतो ती मोघमच असते. या वर्षी म्हटलं, "वन्सं, कार्ड गेलं म्हणून मी न बघताच तुम्हाला सांगितलं होतं. चुकलं माझं." त्यांना आधी काही कळेना. मी फोन लॅपटॉपपुढे धरला आणि व्हिडिओ लावला.

संपला तरी त्या बोलेनात. मला वाटलं रेंज गेली.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "ते टेकवा खाली म्हणतात ना, तिथून परत लाव."