गंडभेरुंडाच्या पंजातले हत्ती

शिमोगा जिल्ह्यात शिकारीपूरजवळचं बळ्ळिगावी आज साधं खेडं आहे; कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात ते मठ-मंदिरांनी गजबजलेलं नगर होतं. महामंडलेश्वर चामुंडरायाने १०४७ मध्ये तिथे उभारलेल्या स्तंभावर गंडभेरुंड आहे: धड माणसाचं, डोकी पक्ष्याची, आणि तीही दोन. राजाची नजर दोन्ही दिशांना असते, असा याचा अर्थ चटकन सुचतो. युरोपातल्या दुतोंडी गरुडाबद्दलही तेच सांगतात. पण दक्षिणेला उतरून बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरात (१११७) गेलं की हा अर्थ डळमळतो. तिथे शिल्पात एक साखळीच आहे: हरणाला अजगर, अजगराला हत्ती, हत्तीला सिंह, सिंहाला शरभ हा काल्पनिक पशू आणि शरभाला गंडभेरुंड. हा पक्षी राखण करत नाही, फडशा पाडतो. विजयनगरच्या अच्युतदेवरायाच्या नाण्यांवर तर त्याने चोचींत आणि पंजांत हत्ती धरले आहेत. गजदळ हीच ज्या काळी राजाची ताकद, त्या काळात हत्ती उचलणारा पक्षी शत्रूला काय सांगत असेल, हे उलगडून सांगायला नको. आपल्याकडच्या किल्ल्यांच्या दरवाजांवरचे शरभही पायांखाली हत्ती दाबून हेच बजावतात.

यावर आक्षेप असा की दुतोंडी पक्षी मुळात इथला नाहीच. तक्षशिलेजवळ सिरकपच्या स्तूपावर तो फार आधी दिसतो. त्याच्याही कैक शतकं आधी तुर्कस्तानात, अलाजा ह्युयुकच्या हित्ती दरवाजावर तो कोरलेला आहे आणि तिथेही त्याच्या पंजांत शिकार आहे. आक्षेप वजनदार आहे, आकृती प्रवास करत आली असेलही. पण हित्ती पक्ष्याच्या पंजांत ससे आहेत! सशापासून हत्तीपर्यंतची ही झेप दक्षिणेतल्या शिल्पींची आणि राजांची, आणि चिन्हाचा अर्थ त्या झेपेत आहे.

म्हैसूरला पोचल्यावर मात्र पक्षी बदललेला दिसतो. तिथल्या वडियार राजांच्या राजचिन्हात आणि त्यावरून घेतलेल्या कर्नाटकाच्या शासकीय मुद्रेत त्याचे पंजे रिकामे आहेत. दोन्ही बाजूंना गजकेसरी उभे आहेत: अंग सिंहाचं, तोंड हत्तीचं. बेलूरच्या साखळीत जे त्याच्या खालच्या पायरीवरचे, तेच इथे त्याचे मानकरी.