सामाईक यंत्र, सामाईक विहीर

हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आली की सुलतानपुरात शेतीच्या विजेची लाइन नेमकी रात्रीची असते. एकदा स्प्रिंकलर सुरू झाला की पाइप बदलेपर्यंत दोन-तीन तास बसून राहायचं. झोपायची सोय नसते, लाइन कधी जाईल याचा नेम नसतो. गावातली पोरं अशा वेळी रील बघतात. मी टर्मक्स नावाचं ॲप उघडतो. काळा पडदा, लुकलुकणारी एक खूण. दूरच्या यंत्राशी जोडणाऱ्या एसएसएचची आज्ञा द्यायची, परवलीचा शब्द टाकायचा, की मी अमेरिकेतल्या एका यंत्रावर असतो. तिथं भर दुपार असते.

भाच्यानं एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "मामा, याच्यात तर काईच दिसत नाई!" खरं आहे. लोणारला जाणारे पर्यटक आमच्या फाट्यावर वळतात, सरोवराचे फोटो काढतात, परतताना इथंच चहा पिऊन ते जगभर पाठवतात. त्यांच्या फोनमध्ये जग दिसतं. माझ्या पडद्यावर फक्त अक्षरं. पण या अक्षरांची गंमत अशी, की मी दाबलेलं 'क' आधी समुद्राखालच्या तारांमधून पलीकडच्या यंत्राला पोचतं, ते यंत्र 'मिळालं' म्हणून तेच अक्षर परत धाडतं, तेव्हा कुठं ते मला दिसतं. पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. बोट उचललं आणि अक्षर उमटलं यांच्यामधल्या त्या फटीत अर्धी पृथ्वी असते. आपलं लिहिणं इतक्या लांब जाऊन येतंय हे कळलं की माणूस आपोआप कमी टाइप करतो.

अमेरिकेतल्या ज्या यंत्रावर मी जातो, तिथल्या वस्तीचं नाव एसडीएफ. टेड उलेमन यांनी 1987 मध्ये ॲपल टू-ई या घरगुती संगणकावर जपानी ॲनिमेच्या चाहत्यांसाठी, टेलिफोनवरून जोडता येणारा एक फलक सुरू केला. 'मॅक्रॉस' या मालिकेतल्या अवाढव्य यानाचं, 'सुपर डायमेन्शन फोर्ट्रेस'चं नाव त्याला मिळालं. आज तिथं युनिक्स या संगणक-प्रणालीच्या कुळातली नेटबीएसडी चालते. 'न्यू' या नावानं आत शिरलं की कुणालाही खातं मिळतं. फुकट. मात्र नवख्याच्या हातात सगळ्या किल्ल्या देत नाहीत. छोटीशी देणगी पाठवून ओळख पटवली की पुढची दारं उघडतात. पैशाचा प्रश्न नाही, लुटारूंचा आहे. फुकटच्या यंत्रावर बसून दुसऱ्यांची यंत्रं फोडणारे पहिल्या दिवसापासून आहेत. त्यांच्यातले फार थोडे एक डॉलर पाकिटात घालून टपालानं पाठवण्याची तसदी घेतील, हा हिशोब मला फार शहाणपणाचा वाटतो.

एका यंत्रावर एवढी माणसं कशी नांदतात, हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडं भावकीत विहीर सामाईक असते. सात-बाऱ्यावर हिस्से लागलेले असतात, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. मोटार एक, धनी चार. युनिक्स हेच करतं, फक्त पाळ्या सेकंदाच्या बारीक तुकड्यांच्या, म्हणून प्रत्येकाला वाटतं की सगळं पाणी आपल्याच दांडाला चाललंय. आमच्याकडं या पाळ्यांवरून कोर्टात गेलेली घरं आहेत. युनिक्सनं भांडणाची सोय आधीच पाहून ठेवली. प्रत्येक फाइलवर तीन प्रकारची माणसं नोंदलेली असतात: मालक, त्याचा गट आणि बाकीचे. वाचायचं कुणी, लिहायचं कुणी, चालवायचं कुणी, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. 600 लिहिलं की माझं मलाच. 644 लिहिलं की वाचा सगळ्यांनी, हात लावू नका. तलाठ्याकडं खेटे नाहीत, फेरफार नाही.

याहून जास्त मला आवडते ती 'नाइस' नावाची आज्ञा. आपलं काम मोठं, वेळखाऊ असेल तर यंत्राला सांगायचं, मला मागं ठेव, इतरांचं आधी होऊ दे. साध्या वापरकर्त्याला आपला क्रम खाली नेता येतो, इतरांच्या वर चढवता येत नाही. तो अधिकार फक्त व्यवस्थापकाचा. 'हू' म्हटलं की आत्ता कोण कोण आत आहे ते दिसतं. कुणाशी बोलायचं नसेल तर 'मेसेज' बंद करून बसता येतं, आणि त्याचा कुणाला राग येत नाही. हे योगायोगानं घडलेलं नाही. 1969 मध्ये बेल लॅब्सनं मल्टिक्स हा सामाईक संगणकाचा प्रकल्प सोडला, तेव्हा पुढं युनिक्स घडवणाऱ्या केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि मंडळींना नुसतं प्रोग्रॅम लिहायचं साधन नको होतं. ज्याच्याभोवती माणसं जमतील असं यंत्र त्यांना हवं होतं, असं रिचींनी पुढं स्वतःच लिहिलं आहे.

आपल्याकडं पुष्कळांची इंटरनेटशी पहिली भेट अशाच खात्यावर झाली, ही गोष्ट आता विसरली गेली आहे. 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमनं सामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. चित्रं दाखवणारी जोडणी हजारो रुपयांची. विद्यार्थ्यांना वर्षाला 500 रुपयांत मिळायचं ते शेल खातं, निव्वळ अक्षरांचं. मोडेम किरकिरायचा, लाइन लागली की पलीकडं युनिक्स यंत्र. ई-मेलसाठी पाइन, वेब वाचायला लिंक्स. मुंबईकरांच्या पत्त्यात 'जीआयएएसबीएम01' असली अक्षरमाळ असायची आणि ती लोक तोंडपाठ सांगायचे. काही हुशार पोरांनी स्लर्प आणि टीआयएसारखे प्रोग्रॅम चढवून त्या अक्षरांच्या खात्यातूनच चित्रं ओढली. नियमात ते बसत नव्हतं. मला त्यांचं कौतुकच वाटतं. बुलडाणा जिल्ह्यातून मात्र हे खातं वापरायचं तर आधी मोठ्या शहराला एसटीडी लावावा लागे आणि मीटर पळत राही. म्हणजे खातं स्वस्त, त्याच्यापर्यंतचा रस्ता महाग.

त्याच 1995 मध्ये फिनलंडमध्ये तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी परवलीचे शब्द चोरत होतं, तोवर ते उघडेच तारेतून जात. आज माझ्या बांधावरून निघालेलं अक्षर कुलूपबंद जातं, ते त्यामुळं.

आणि रेंजचं काय? ती जाते, लाइनही जाते. पण टीमक्स नावाचा प्रोग्रॅम सुरू ठेवला असेल तर माझं अर्धवट वाक्य, उघडी फाइल, चालू काम, सगळं पलीकडं तसंच जागेवर राहतं. पाइप बदलून, हात पुसून तासाभरानं पुन्हा जोडून घ्यायचं; वाक्य सोडलं होतं तिथंच थांबलेलं असतं. फोन साधा असला तरी बिघडत नाही, राबणारं यंत्र दुसरीकडं आहे. डेटा इतका कमी लागतो की दिवसाचा दीड जीबी संपता संपत नाही. आमच्यासारख्या गावाला हे जमतं म्हणून मी सांगतो, हौस म्हणून नव्हे. तालुक्याच्या कॉलेजात संगणक शिकणाऱ्या पोरांना प्रयोगशाळेतली यंत्रं पुरत नाहीत, घरी लॅपटॉप नसतो आणि परीक्षेला युनिक्स असतं. त्यांच्या खिशातल्या फोनवर हे सगळं आजच चालू शकतं.

तेव्हा ज्यांच्या घरात असं पोर आहे त्यांनी त्याला एवढं करू द्यावं. टर्मक्स एफ-ड्रॉइडवरून घ्यावं, एसएसएच बसवावं, 'न्यू' म्हणून एसडीएफवर जावं. आत गेल्यावर आधी तिथले नियम वाचावेत, जड कामाला 'नाइस' लावावं आणि कमाई सुरू झाली की तो डॉलर पाठवून द्यावा.