सोडली, तरीही



गेल्या महिन्यात मंदिरात दोघींनी मला एकच वाक्य ऐकवलं. "इतकी वर्षं ओढत होते तेव्हा काही नव्हतं. सोडली आणि आजार लागला बघा." वाईट हेतूनं नाही, पण मनाला लागलं. म्हणून लिहिते आहे.

ह्यांचं सांगलीत हळदीचं अडत दुकान. सौद्याला बसले की हातात सिगारेट. मी बोलले की म्हणायचे, "सप्तव्यसनांत सिगारेट कुठं लिहिलीय?" आठ वर्षांपूर्वी चातुर्मासात महाराजांसमोर नियम घेतला आणि एकदाही मोडला नाही. त्यामुळे यंदा कुंभोजला बाहुबलीच्या डोंगरावर हे निम्म्या पायऱ्यांतच धापा टाकत बसले, तेव्हा मला वाटलं वय झालं, वजन वाढलं. डॉक्टरांनी नळीत जोरात फुंकायला लावलं, औषध ओढायला देऊन पुन्हा फुंकायला लावलं. सीओपीडी. श्वासनळ्या अरुंद झालेल्या. औषधानं आराम पडेल, पण मुळातून बरं होणार नाही.

परतताना हे गाडीत एवढंच बोलले, "मग सोडून काय मिळवलं?" मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगू? मीही मनातून रागावले होते, आणि तो राग सिगारेटवर नव्हता, नियमावर होता. घरी येऊन त्याचं प्रायश्चित्त म्हणून दोन माळा जास्त केल्या.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी कागदावर दोन रेषा काढल्या. फुफ्फुसाची ताकद वयाबरोबर सगळ्यांचीच कमी होते, ओढणाऱ्याची फार वेगानं. सोडली की वेग मंदावतो, पण गेलेलं परत येत नाही. आणि फुफ्फुसात शिल्लक एवढी असते की बरंच गेल्यावर मग दम लागतो. म्हणजे आजार आधीचाच, दिसला आत्ता. माझं बी.कॉम. कधी नव्हे ते कामाला आलं. मी ह्यांना म्हटलं, "अहो, हा घसारा आहे. दर कमी केला म्हणून आधी लिहून टाकलेली रक्कम परत जमा होते का? पण जुन्या दरानं ही आठ वर्षं चालली असती तर?" हे बराच वेळ त्या रेषांकडे बघत बसले. वहीची भाषा ह्यांना कळते.

आता आपल्या घरातले प्रश्न. पहिलं औषध ओढायच्या कॅप्सूलचं होतं. कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्याचं. मी डॉक्टरांना सरळ विचारलं. त्यांनी पंप लिहून दिला, त्याला कॅप्सूल लागत नाही. विचारायला लाजू नका, पण मनानं औषध बंदही करू नका. दुसरं, ह्या पंपात स्टेरॉइड आहे, ओढल्यावर चूळ भरावीच लागते, नाहीतर तोंडात बुरशी धरते. ह्यांना रात्री पाण्याचाही त्याग. डॉक्टरांना विचारून संध्याकाळची वेळ सूर्यास्ताआधीची ठरवली, सकाळची त्या हिशेबानं. थंडीत जरा धावपळ होते. घरातला धूप आणि उदबत्ती बंद केली, तेवढं मला जड गेलं.

परवा पुन्हा बाहुबलीला गेलो. चार ठिकाणी बसत हे वर पोचले. खाली उतरल्यावर दुकानातल्या जुन्या सोबत्याचा फोन आला, तर हे त्याला विचारत होते, "तुझी चालूच आहे का रे अजून?"