अडतीस टक्के

रात्री साडेदहाला फोन वाजला. "सर, अडतीस आलंय," एवढंच बोलून ती गप्प झाली.

ती म्हणजे माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. सोलापुरातल्या बिडी कामगार बायकांवर तिने सहा वर्षं काम केलं. स्वतः एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे सुट्टी लागली की पगार बंद. पदवी हाती आली तर पूर्णवेळ जागेच्या मुलाखतीला उभं राहता येईल, एवढी आशा. आणि प्रबंध जमा करायला दोन महिने उरलेले.

ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रबंध जमा करण्याआधी तो एका सॉफ्टवेअरमधून काढावा लागतो. ते आपला मजकूर इंटरनेटवरच्या लेखांशी, नियतकालिकांशी, आधीच्या प्रबंधांशी ताडून पाहतं आणि किती टक्के जुळला ते सांगतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली याचे नियम केले. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० ते ४० मध्ये सापडलात तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, दुरुस्त करून द्या. ४० ते ६० मध्ये वर्षभर थांबा. ६० च्या वर नोंदणीच रद्द. शिवाय हे काम चोरीचं नाही असं प्रमाणपत्र मार्गदर्शकाला द्यावं लागतं. म्हणजे खाली माझी सही.

"काळजी करू नकोस, बसून बघू," मी म्हणालो. पण चार दिवसांनी ती आली तेव्हा चेहरा खुललेला होता. "सर, सात झालं!"

कुणीतरी तिला एका टायपिंगच्या दुकानाचा पत्ता दिला होता. पानामागे चाळीस रुपये. सॉफ्ट कॉपी द्यायची, तीन दिवसांनी 'कमी करून' घ्यायची. प्रबंध इंग्रजीत होता. मी पानं उलटू लागलो. ट्रेड युनियनचं 'एक्स्चेंज असोसिएशन' झालं होतं. मिनिमम वेजेसचं 'लीस्ट पेमेंट्स'. लेबर वेल्फेअरचं 'वर्क गव्हर्नमेंट असिस्टन्स'. आधी हसू आलं, मग आलं नाही. किमान वेतन हा कायद्यातला शब्द आहे. त्या शब्दासाठी सोलापूरच्या बायकांनी उन्हात मोर्चे काढलेत. दुकानदाराच्या यंत्राने चाळीस रुपयांत तो पुसून टाकला होता.

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. २०२१ साली गियोम कबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या संशोधकांनी अशा मोडक्या शब्दांची यादीच जगापुढे मांडली. छापून आलेल्या शोधनिबंधांत 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालेलं त्यांना सापडलं. कर्करोगावरच्या लेखांत 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बूझम पेरिल'. समानार्थी शब्द कोंबले की यंत्र फसतं, पण वाचणारा माणूस फसत नाही. अट एवढीच की कुणीतरी वाचलं पाहिजे.

आपल्या मराठीत तर याहून सोपी वाट आहे. एकदा माझ्याकडे तपासायला आलेल्या मराठी प्रबंधाचा आकडा चक्क शून्य होता. वाचताना दुसऱ्या प्रकरणात परिच्छेदामागून परिच्छेद ओळखीचे वाटू लागले. कपाटातलं जुनं पुस्तक काढून शेजारी ठेवलं, तर काना-मात्राही बदललेली नव्हती. पुस्तक इंटरनेटवर नाही, मग यंत्राने जुळवायचं कशाशी? शिवाय प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. पडद्यावर मराठी दिसते, पण यंत्राला दिसतात ती रोमन अक्षरांची अर्थहीन माळ. ती जगात कशाशीच जुळणार नाही. मी प्रबंध परत पाठवला.

"मी याच्यावर सही करणार नाही," मी तिला म्हणालो.

"सर, सगळेच असं करतात." तिचे डोळे भरून आले. मला उत्तर सुचलं नाही, कारण 'सगळ्यांत' मीही होतो.

माझा प्रबंध टाइपरायटरच्या काळातला. सॉफ्टवेअर नव्हतं. मी कुणाचं वाक्य चोरलं नाही, पण १८८४ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या सोलापूर गॅझेटियरचा हवाला पान क्रमांकासकट दिला. गॅझेटियर मी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या एका अभ्यासकाच्या पुस्तकात तळटीप होती, ती उचलली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सहज विचारलं, "मूळ गॅझेटियर कुठे मिळालं?" मी एका ग्रंथालयाचं नाव ठोकून दिलं. ते मान हलवून पुढे गेले. दहा-बारा वर्षांनी ते गॅझेटियर खरंच हातात आलं. मी दिलेलं पान उघडलं, तर तिथे भलताच मजकूर. आधीच्या अभ्यासकाची छपाईची चूक मी माझ्या नावावर जशीच्या तशी उतरवली होती.

या दोषाला नाव आहे, ते मला लहानपणीच मोहल्ल्यातल्या मौलवीसाहेबांनी शिकवलं होतं. हदीसचे दोन भाग असतात. मतन म्हणजे मूळ मजकूर आणि सनद म्हणजे तो कुणी कुणाकडून ऐकला त्याची साखळी. साखळीतलं एक नाव लपवून, आपण थेट वरच्याकडूनच ऐकल्याचा भास निर्माण करणं म्हणजे तदलीस. मजकूर खरा असला तरी हा दोष मानला जातो. मौलवीसाहेब आम्हा पोरांना विचारायचे, "ये तुमने किससे सुना?" वर्गात कुणी काहीही सांगितलं तरी तोच प्रश्न. मी तो प्रश्न ऐकत मोठा झालो आणि ऐन वेळी खोटं बोललो. तदलीस कुठलंही सॉफ्टवेअर पकडत नाही.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "सर, माझ्यात पण असे दहा-बारा असतील."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिचा मूळ प्रबंध घेऊन बसलो आणि अडतीसचा रिपोर्ट ओळीओळीने वाचला. बहुतेक मुलं आकडा बघतात, रिपोर्ट वाचत नाहीत. अडतीसपैकी मोठा वाटा संदर्भसूचीचा निघाला. ती जुळणारच, पुस्तकाचं नाव कोण बदलणार? १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याची कलमं जुळली होती. नियमच सांगतो की संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, नाव देऊन घेतलेली अवतरणं, कायदे आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे सर्वसाधारण शब्दप्रयोग वगळावेत. ते वगळल्यावर तेवीस उरले.

ते तेवीस मात्र खरे होते, आणि जवळजवळ सगळे दुसऱ्या प्रकरणात, पूर्वीच्या संशोधनाच्या आढाव्यात. तिने वाचताना वहीत वाक्यं उतरवली होती, पण कुठलं वाक्य लेखकाचं आणि कुठलं आपलं ही खूण केली नव्हती. सहा वर्षांनी दोन्ही एकाच हस्ताक्षरात मिसळून गेली. मी म्हणालो, "पुस्तक मीट. हा माणूस काय म्हणतो ते मला तोंडी सांग." ती दखनी-मराठी मिसळून सांगू लागली. कुठे पटतं, कुठे पटत नाही, तेही सांगितलं. "हेच लिही. आणि मग पुस्तक उघडून ताडून बघ." जे पुस्तक पाहिलं नव्हतं, तिथे 'अमुक यांच्या ग्रंथातून उद्धृत' असं लिहायचं ठरलं.

मग माझी नजर पाचव्या प्रकरणावर गेली. मुलाखतींचं प्रकरण. तिथे जुळणारा मजकूर जवळपास नव्हताच. पण ते होतं जेमतेम एकोणीस पानांचं.

"एवढंच का?"

"सर, साठ बायकांचं रेकॉर्डिंग आहे. पण त्यातलं काय घ्यायचं? अम्मी अन् मोहल्ल्यातल्या बायकांचं बोलणं थिसिसमध्ये बरं दिसत नाही."

मला तिथेच सगळं कळलं. जिथे तिच्याकडे स्वतःचं होतं तिथे तिला लाज वाटली, आणि जिथे नव्हतं तिथे तिने दुसऱ्यांची वाक्यं रचली.

तिने पाचवं प्रकरण पुन्हा लिहिलं. पान कमी पडलं की पदरचे पैसे घालून विकत आणून हजाराचा हिशेब कसा पुरा करतात. कारखान्यात माल देताना छाट कोण ठरवतं. सूप मांडीवर घेऊन पोरांचा अभ्यास कसा घेतात. दखनी, तेलुगू, मराठी, ज्या बोलीत बाई बोलली त्या बोलीतले शब्द, आणि खाली इंग्रजी. एकोणीसची चौसष्ट पानं झाली. हे कुणी आधी लिहिलंच नव्हतं, तर जुळणार कशाशी?

मी घरी गेलो तेव्हा तिच्या अम्मीला दुकानाची गोष्ट सांगितली. सुपातून नजर न काढता त्या म्हणाल्या, "बंडल ऊपर से अच्छा दिखने से क्या होता सर? अंदर तंबाखू कम रह्या तो छाटच ना."

शेवटचा आकडा नऊ आला, दुकानाच्या सातापेक्षा दोनने जास्त. पण दोन महिने कधीच उलटून गेले होते. मुदतवाढीचा अर्ज, त्याची फी, आणि त्या वर्षीची मुलाखत हुकली ती हुकलीच. मी सही केली तेव्हा हे मनात होतं. तिने एकदाही बोलून दाखवलं नाही. पुढच्या वर्षी तोंडी परीक्षेत परीक्षकांनी पाचव्या प्रकरणावरच तासभर विचारलं आणि ती खाली न बघता बोलत राहिली. अजून तासिका तत्त्वावरच आहे.

माझा प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात तसाच उभा आहे, त्या चुकीच्या पानासकट. त्यात आता काही बदलता येत नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो. ते गॅझेटियर मी तेव्हा पाहिलं नव्हतं.